हिराबाई झैनाबादी : कादंबरींतील व साधनांतील

ऐतिहासिक कादंबरीवर मत देणें हें संशोधकाचें काम नव्हे, असा एक समज आपल्या मंडळींत रूढ आहे. कादंबरीकारास पुरावा विचारूं नये व संशोधकास रस विचारूं नये, अशी जणूं दोघांत वांटणीच झालेली आहे. ही वांटणी सोयीची आहे खरी. पण वाचकास ती मान्य नाहीं. तो कादंबरी वाचतो, तींतील प्रसंग घडलेले मानतो, आणि मग तेच प्रसंग आपणांस इतिहास म्हणून सांगावयास येतो. इतिहासाचार्य राजवाडे ह्यांनीं इ. स. १९०२ त 'कादंबरी' ह्या विषयावर स्वतंत्र निबंध लिहिला. दप्तरांच्या शोधांत उन्हातान्हांत हिंडणाऱ्या त्या पुरुषास हा विषय आपल्या अधिकाराबाहेरचा वाटला नाहीं. तेव्हां आम्हीही तो संकोच बाजूस ठेवतों.

आपल्या उदासीनतेचें फळ काय तें अलीकडे सर्वांनीं पाहिलें आहे. शिवाजी सावंत ह्यांच्या 'छावा' (१९७९) ह्या कादंबरीच्या आधारें केलेला बोलपट इ. स. २०२५ च्या फेब्रुवारींत आला. पुढच्याच महिन्यांत बुऱ्हाणपुराजवळ असीरगडच्या परिसरांत लोक रात्रीं विजेऱ्या घेऊन मोगलांचें सोनें शोधण्यासाठीं शेतें खणूं लागले, आणि खुलताबादेस औरंगजेबाच्या कबरीभोंवतीं पोलिसांचा पहारा वाढवावा लागला. कल्पनेचें काम कुदळीपर्यंत जाऊन पोंचलें, म्हणजे तिचीं मुळें कोठें आहेत तें पाहणें भागच पडतें.

प्रस्तुत लेखाचा विषय त्या मानानें सौम्य आहे. कै. ना. सं. इनामदार ह्यांची 'शहेनशहा' ही कादंबरी इ. स. १९७० त प्रसिद्ध झाली. 'झेप', 'झुंज', 'मंत्रावेगळा' ह्या त्यांच्या आधींच्या कादंबऱ्या उत्तर पेशवाईंतील. येथें मात्र त्यांनीं आलमगीर बादशहासच नायक केलें. हरिभाऊ आपट्यांच्या पिढीपासून मराठी कादंबरींत औरंगजेब येतो तो प्रतिपक्षी म्हणून, दुरून पाहिलेला. त्यास आंतून पाहण्याचें धाडस मराठी लेखकानें करावें, हें आम्हांस त्या ग्रंथाचें मोठें श्रेय वाटतें. ज्या माणसानें पंचवीस वर्षें आपल्या देशांत तळ देऊन ठेवला व अखेर ह्याच मातींत हाडें ठेविलीं, तो कोण होता हें जाणण्याचा आपला हक्क इतर कोणाहून कमी नाहीं. परंतु कादंबरी वाचून खुलताबादेस आलेला रसिक कबरीपाशीं उभा राहून विचारतो तो प्रश्न राज्यकारभाराचा नसतो, दक्षिणेंतील युद्धाचाही नसतो. तो विचारतो, हिराबाई खरी कीं खोटी ? ह्या प्रश्नास साधार उत्तर देणें शक्य आहे, आणि त्या उत्तराचे धागे खुलताबादेंतच येऊन मिळतात ही गोष्ट कोणत्याही कादंबरीहून कमी विस्मयाची नाहीं.

प्रथम नांवच घ्या. हिराबाईस 'झैनाबादी' म्हणत, कारण ती झैनाबादची. झैनाबाद हें तापीच्या पलीकडील तीरावरचें, बुऱ्हाणपुराच्या समोरचें गांव. खानदेशच्या फारुकी वंशांतील नसीरखान ह्यानें पंधराव्या शतकाच्या आरंभीं हीं दोन्ही स्थळें वसविलीं, व त्यांस शेख बुऱ्हाणुद्दीन गरीब व त्यांचे शिष्य शेख झैनुद्दीन शिराझी ह्यांचीं नांवें दिलीं. हे दोघेही गुरुशिष्य खुलताबादेस चिरविश्रांति घेत आहेत, पहिले इ. स. १३३७ त व दुसरे १३६९ त वारले. (फेरिस्ता ह्या झैनुद्दीनास नसीरखानाच्या भेटीस आणतो, पण तीस वर्षांपूर्वीं मेलेला माणूस भेटीस येत नाहीं, हें त्यास कोणी सांगावयास हवें होतें.) म्हणजे ज्या साधूच्या नांवावरून त्या गायिकेस झैनाबादी म्हणत, त्याच साधूच्या दर्ग्याच्या आवारांत तिचा प्रियकर पुढें चौपन्न वर्षांनीं पुरला गेला. कादंबरीकारानें हा योग जुळविला असता तर आपण त्यास अतिरेकी म्हटलें असतें.

आतां साक्षीदार. ते तीन आहेत, व तिघांपैकीं एकही प्रत्यक्षदर्शी नाहीं.

पहिली साक्ष 'अहकाम-इ-आलमगीरी' ह्या लहानशा फारसी आख्यायिकासंग्रहाची. जदुनाथ सरकार ह्यांनीं तो इ. स. १९१२ त मूळ व इंग्रजी भाषांतर अशा दोन्ही रूपांनीं प्रसिद्ध केला व त्याचें कर्तृत्व हमीदुद्दीनखान निमचा ह्याजकडे दिलें. पुढील अभ्यासकांनीं ह्या कर्तृत्वाविषयीं शंका घेतल्या आहेत, त्या ध्यानांत ठेवाव्या. हा हमीदुद्दीन बादशहाच्या अखेरच्या वर्षांतील अत्यंत विश्वासू सरदार. धन्याच्या शवाबरोबर तो खुलताबादेस गेला. अहकामांतील कथा अशी : शहाजादा दक्षिणेच्या सुभ्यावर जात असतां बुऱ्हाणपुरास सैफखान ह्या मावसोबाच्या वाड्यांत गेला. तेथें एका झाडाखालीं, फांदी हातांत धरून, हलक्या सुरांत गाणारी हिराबाई त्याच्या दृष्टीस पडली व तो तेथल्या तेथें मूर्च्छित झाला. मावशी धांवत आली. मध्यरात्रीं त्यानें तिला मनचें दुःख सांगितलें, तेव्हां ती नवऱ्याच्या भयानें गप्प बसली. मग मुर्शिदकुलीखान मध्यें पडला. सैफखानास मारून टाकण्याची त्यानें तयारी दाखविली, ती शहाजाद्यानें नाकारली. शेवटीं सैफखानानें हिराबाई दिली व तिच्या मोबदल्यांत शहाजाद्याच्या जनान्यांतील छत्तरबाई घेतली.

दुसरी साक्ष 'मआसिर-उल्-उमरा' ह्या प्रसिद्ध चरित्रकोशाची, खानजमान मीर खलील ह्याच्या चरित्रांत आलेली. येथें मूर्च्छा नाहीं व अदलाबदलही नाहीं. झैनाबादच्या 'आहूखाना' बागेंत, म्हणजे हरणांच्या उपवनांत, शहाजादा जनान्यासह विहारास गेला. खानजमानची बायको ही शहाजाद्याची मावशी. तिच्याबरोबर झैनाबादी आली होती. फळांनीं लगडलेला आंबा पाहून ती शहाजाद्याची पर्वा न करितां खेळतां खेळतां उडी मारून फळ तोडती झाली, आणि शहाजाद्याचें चित्त गेलें. मावशीकडे आर्जवें करून त्यानें तिला मिळविलें. एके दिवशीं तिनें मद्याचा पेला भरून त्याच्यापुढें धरला व आग्रह केला. तो पुष्कळ विनवण्या करून थकला व अखेर ओठांस लावणार तोंच तिनें तो हिसकून स्वतः पिऊन टाकला, परीक्षा पाहावयाची होती एवढेंच म्हणाली. ही वार्ता शहाजहानाच्या कानीं गेली व दारा शुकोहनें भावाच्या ढोंगी धर्मनिष्ठेवर कोरडे ओढले. पुढें ती ऐन तारुण्यांत वारली व औरंगाबादेस मोठ्या तळ्याजवळ पुरली गेली. दुसऱ्या दिवशीं शहाजादा शिकारीस निघाला, तेव्हां सोबतच्या आकिलखान राझीनें आश्चर्य केलें. घरांत रडून दुःख हलकें होत नाहीं, रानांत मोकळें रडतां येतें, अशा अर्थाचें उत्तर त्यास मिळालें. त्यावर राझीनें स्वतःचा एक शेर म्हटला व शहाजाद्यानें तो पाठ केला.

(हाच आकिलखान पुढें एकोणिसाव्या शतकांतील उर्दू लेखकांनीं झेबुन्निसेचा प्रियकर करून सोडला. बापाच्या शोकांत जो सोबती, त्यास मुलीचा जार ठरविण्यापर्यंत कल्पनेची मजल गेली. सरकारांनीं त्या कथेचा समाचार घेतलाच आहे.)

तिसरा साक्षीदार व्हेनिसचा निकोलाव मनूची. तो म्हणतो कीं, एका नाचणारणीच्या नादीं लागून औरंगजेबानें कांहीं काळ नमाजही टाकला व मद्यपान केलें. ती मेल्यावर त्यानें मद्य व गायन वर्ज्य करण्याची शपथ घेतली, आणि ईश्वरानें तिला नेऊन आपणांवर उपकारच केले असें तो पुढें म्हणे. मनूची हिंदुस्थानांत आला इ. स. १६५६ त, त्याची ही साक्ष बाजारांत ऐकलेल्या गोष्टीची आहे.

आतां ह्या साक्षी काळाच्या कसोटीस लावूं. औरंगजेबाची दुसऱ्यांदां दक्षिणेवर नेमणूक १६५२ त झाली. १६५३ च्या जानेवारीअखेर तो बुऱ्हाणपुरास पोंचला, तेथें सुमारें नऊ महिने रेंगाळला व नोव्हेंबरांत औरंगाबादेस आला. मुर्शिदकुलीखान दक्षिणेच्या दिवाणगिरींत त्याच्याबरोबर होता तो ह्याच खेपेस. परंतु सैफखान हा त्यापूर्वीं सुमारें तेरा वर्षें बंगाल्यांत वारला होता. तेव्हां मुर्शिदकुलीनें सैफखानास मारण्याची तयारी दाखविली हें अहकामाचें म्हणणें सरळच पडतें. मेलेल्यास मारण्याची गरज नव्हती. उलट मीर खलील हा १६४९-५० च्या सुमारास तोफखान्याचा मुख्य म्हणून दक्षिणेंत आलेला होता. खानजमान ही पदवी त्यास फार पुढें मिळाली हें खरें; पण चरित्रकोशाचा कर्ता माणसास त्याच्या अखेरच्या पदवीनें ओळखतो, त्यांत विसंगति नाहीं.

मग सैफखानाचें नांव आलें कोठून ? आमच्या मतें त्याचें उत्तर मावशींत आहे. सैफखानाची बायको व मीर खलीलाची बायको ह्या दोघीही आसफखानाच्या मुली, म्हणजे मुमताजमहलच्या बहिणी. 'शहाजाद्याच्या मावशीच्या घरची गायिका' एवढी आठवण लोकांत राहिली, आणि मावशी कोणती ह्याविषयीं सांगणारांचा घोटाळा झाला. दोन निरनिराळ्या परंपरा नांवांत चुकतात पण नात्यांत चुकत नाहींत, हें त्या दोन्हींच्या मुळाशीं कांहीं तरी घडलेलें असल्याचें लक्षण आहे. बनावट गोष्ट बहुधा नांवें नीट जुळवून येते.

आंब्याविषयीं दोन शब्द. बुऱ्हाणपुरास मुक्काम जानेवारी ते आक्टोबर. म्हणजे आंब्याचा मोसम त्यांत येतो. 'आदाब-इ-आलमगीरी' ह्या पत्रसंग्रहावरून त्या काळीं बापलेकांत आंब्यांवरून बोलाचाली झाल्याचें कळतें. 'बादशाहपसंद' नांवाच्या बुऱ्हाणपुरच्या झाडाचे चांगले आंबे मुलगा आपणच खातो व दिल्लीस पाठवीत नाहीं, अशी शहाजहानाची तक्रार होती. ह्यानें हिराबाई सिद्ध होत नाहीं. पण मआसिरांतील झाडाखालचा प्रसंग बुऱ्हाणपुरच्या त्या उन्हाळ्याशीं विजोड नाहीं, इतकें म्हणावयास हरकत नाहीं.

विजोड आहे तें निराळेंच, व कादंबरीच्या वाचकास तें बहुधा कोणी सांगत नाहीं. हा प्रियकर कोंवळा तरुण नव्हता. औरंगजेब जन्मला १६१८ त. म्हणजे १६५३ त त्याचें वय चौतीस-पस्तीस. दिलरसबानूशीं त्याचा विवाह होऊन सोळा वर्षें झालीं होतीं व त्यास सहा मुलें होतीं. सातवें मूल, शहाजादा आज्जम, दिलरसेच्या पोटीं त्याच बुऱ्हाणपुरच्या मुक्कामांत जून १६५३ त जन्मलें. आंबे पिकण्याचा मोसम व हें बाळंतपण एकाच वेळचें. चौपन्न वर्षांनीं ज्या मुलानें अहमदनगराहून बापाचें शव खुलताबादेस रवाना केलें तो हाच आज्जम. आम्ही कादंबरीकार नव्हों. पण बागेंतील उडीपेक्षां वाड्यांतील ती प्रसूत स्त्री आम्हांस अधिक बोलकी वाटते. 'शहेनशहा'विषयीं, किंबहुना आपल्या बहुतेक ऐतिहासिक कादंबऱ्यांविषयीं, आमची तक्रार हीच आहे कीं प्रेमकथा रंगवितांना घरचा हिशेब मागें पडतो.

दुसरी तक्रार अधिक महत्त्वाची. वाचकांच्या मनांत अशी उपपत्ति घर करून बसते कीं, हिराबाई मेली, काळीज जळालें, आणि त्या राखेंतून तो रुक्ष, गायनद्वेष्टा आलमगीर निर्माण झाला. ही उपपत्ति मुळांत मनूचीची आहे. तिला काळाचा आधार नाहीं. हिराबाई गेली १६५३-५४ च्या सुमारास. दरबारांतील गायन बंद झालें तें १६६८ च्या सुमारास, गादीवर बसून दहा वर्षें लोटल्यावर. मधल्या काळांत दरबारीं गवई होते, आणि फकीरुल्लाचा 'रागदर्पण' हा संगीतावरील फारसी ग्रंथ १६६५-६६ त पुरा झाला तो ह्याच बादशहाच्या अमदानींत. शपथ एका रात्रींत घेतली गेली असें मानलें, तर पंधरा वर्षें ती कोठें ठेवली होती हें सांगावें लागेल. माणसाच्या राजनीतीस एका जखमेचें कारण देणें कथेस सोपें जातें; इतिहासास तें परवडत नाहीं.

आतां मआसिराच्या हस्तलिखिताविषयीं, कारण आमच्या वाचकांस तींच पानें अधिक प्रिय. ह्या ग्रंथाचा कर्ता नबाब समसामुद्दौला शहानवाजखान औरंगाबादी. जन्म लाहोरास इ. स. १७०० त. त्याचा पणजा अमानतखान औरंगजेबाच्या वेळीं दक्षिणेचा दिवाण होता. तेव्हां औरंगाबादच्या जुन्या गोष्टी त्याच्या घरांत पिढीजाद सांगितल्या जात असणें स्वाभाविक होतें. नासिरजंगानें बापाविरुद्ध १७४१ त जें बंड केलें त्यांत हा सामील झाला, व त्यापायीं पांच वर्षें निजामुल्मुल्काच्या अवकृपेंत घरीं बसला. ह्या सक्तीच्या निवांतपणांत, १७४२ ते १७४७ च्या दरम्यान, त्यानें मोगल उमरावांचीं चरित्रें लिहून काढिलीं. पुढें सलाबतजंगाचा तो मुख्य कारभारी झाला, बुसीशीं त्याचें वांकडें आलें, आणि १२ मे १७५८ रोजीं औरंगाबादेंत हैदरजंगाचा खून झाला त्या दिवशींच्या दंग्यांत कैदेंत असलेला शहानवाजखानही मारला गेला. त्याची हवेली लुटली गेली. लुटीबरोबर ग्रंथाचीं पानेंही गेलीं.

तीं पानें शोधून काढणारा पुरुष म्हणजे मीर गुलामअली आझाद बिलग्रामी. हा मोठा कवि व चरित्रकार १७३९ च्या सुमारास हजहून परत येऊन औरंगाबादेस राहिला. पाणचक्कीच्या बाबा शहा मुसाफिरांच्या तकियांत त्याचीं कित्येक वर्षें गेलीं. शहानवाजखानाचा तो जिवलग स्नेही. मित्राच्या मृत्यूनंतर सुमारें वर्षानें त्यास विस्कटलेला मजकूर हातीं लागला; त्यांतील कांहीं चरित्रें नाहींशीं झालीं होतीं. त्यानें जुळणी केली, प्रस्तावना लिहिली, मित्राचें चरित्र जोडलें. त्यानंतर शहानवाजखानाचा मुलगा अब्दुल हय्यखान ह्यानें भर घालून १७८० त ग्रंथ पुरा केला. एकूण चरित्रें सुमारें ७३०. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीनें तो १८८८ ते १८९१ ह्या काळांत तीन भागांत छापला. आझाद इ. स. १७८६ त वारला, आणि तोही खुलताबादेसच, अमीर हसन देहलवी ह्या प्राचीन कवीच्या सान्निध्यांत पुरला आहे.

त्या पानांची चाळवाचाळव आझादानें केली नसती, तर आहूखान्यांतील तो आंबा, तो पेला व तो शिकारीचा दिवस आज कोणास ठाऊक असता ? खुलताबादेस येणारा रसिक औरंगजेबाच्या कबरीवरून परततो. आझादाच्या कबरीकडे सहसा कोणी फिरकत नाहीं. मलिक अंबर, निजामुल्मुल्क आसफजाह, नासिरजंग हे तरी वाटाड्याच्या यादींत असतात.

एका गोष्टीची जोड द्यावीशी वाटते. बादशहाच्या कबरीपाशीं प्रत्येकास सांगण्यांत येतें कीं, टोप्या शिवून मिळविलेल्या चार रुपये दोन आण्यांत त्यानें आपलें कफन करविलें, व कुराण लिहून मिळविलेले तीनशें पांच रुपये फकिरांस वांटविले. हे आंकडे येतात त्या वसीयतनाम्यांतून, आणि तो वसीयतनामा येतो त्याच अहकामांत जेथें मेलेला सैफखान जिवंत आहे. कबरीचा साधेपणा मात्र निर्विवाद. साकी मुस्तैदखानानें १७१० त पुऱ्या केलेल्या 'मआसिर-इ-आलमगीरी'ंत लाल दगडाचा बोटभर उंचीचा चौथरा, मध्यें माती व तींत सुगंधी रोपें असें वर्णन दिलेंच आहे. आज दिसणारी संगमरवरी जाळी मागाहून लॉर्ड कर्झनच्या सूचनेवरून निजाम सरकारनें बसविली. तेव्हां साधेपणा अस्सल साधनांतला व आंकडे आख्यायिकेंतले, एवढा भेद करावा. जो हिराबाईची मूर्च्छा अहकामांतली म्हणून थट्टेवारी नेतो, त्यानें टोप्यांचा हिशेब मात्र डोळे मिटून स्वीकारूं नये.

आमचें मत म्हणाल तर असें : झैनाबादी नांवाची गायिका होती, ती मीर खलीलाच्या घरांतून शहाजाद्याकडे गेली, व औरंगाबादेस अकालीं वारली, एवढें संभाव्य मानण्यास हरकत नाहीं. आंबा व पेला हे सुमारें नव्वद वर्षांनंतर लिहिले गेलेले तपशील. कादंबरीकारानें ते खुशाल घ्यावे, आम्ही आडवे येत नाहीं. मूर्च्छा, खुनाची तयारी व छत्तरबाईची अदलाबदल मात्र सोडून द्यावी. इनामदारांची लेखणी हिराबाईच्या वाट्यास आलेल्या मौनापेक्षां खचितच दयाळू आहे. तिच्याविषयीं चार पुरुषांनीं लिहिलें, तिच्या तोंडचें एकही वाक्य साधार उरलेलें नाहीं, त्या पेल्याच्या प्रसंगींचें सोडल्यास.

अहकामाच्या प्रतींत आख्यायिकांचा क्रम व नांवें ह्यांत फरक आढळतो. ज्या संग्राहकांजवळ अहकामाची किंवा मआसिराची हस्तलिखित प्रत, अथवा तींतील सुटीं पानें असतील, त्यांनीं दोन गोष्टी पाहून कळविल्यास उपकार होतील : अहकामांत मावसोबाचें नांव सैफखानच आहे कीं दुसरें, आणि मआसिरांत खानजमानच्या चरित्रांतील झैनाबादीचा मजकूर मूळ ओळींत आहे कीं समासांत.